सगुणबाब आणि गुळाचा उजेड

सामान लावून मी पहिल्या संध्याकाळी नव्या खोलीत जेवायला बसलो होतो, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. अंगात बनियन, खाली खाकी अर्धी चड्डी, खांद्याला कापडी पिशवी. नमस्कार नाही, चमत्कार नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. वर बघितलं. वर माझी नवीकोरी ट्यूबलाइट लागलेली होती.

"सेक्रेटरीबाब," ते म्हणाले, "तुमी रातचें ताक पियेतात?"

मी म्हटलं, नाही. रात्री ताक मला बाधतं, सर्दी होते.

"मागीर हें कितें?" त्यांनी ट्यूबकडे बोट दाखवलं. "हें ताकूच न्हय? पोटाक नाका तें दोळ्यांक कित्याक?"

मग त्यांनी पिशवीतून एक लोकरी मोजा काढला, मोज्यातून एक बल्ब काढला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला. "हो गूळ. चाळीस वॉट. लावूं?" मी घाईघाईनं नको म्हटलं. त्यांनी राग मानला नाही. बल्ब मोज्यात, मोजा पिशवीत आणि स्वतः अंगण ओलांडून समोरच्या घरात. मी हातातला घास तसाच धरून बसलो होतो.

मी मूळचा डिचोलीचा. पंचायतीचा सेक्रेटरी म्हणून पेडण्यातल्या एका नदीकाठच्या गावात माझी पहिली नेमणूक झाली. गाव चोपड्याहून चालत अर्ध्या तासावर. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून मला चतुर्थीला बोलावतात आणि ते मला बंद व्हायला नको आहे. राहायला खोली मिळाली ती या सगुणबाबांच्या समोर. त्यांची खिडकी आणि माझी खिडकी एकमेकींकडे बघत, मधे अंगण आणि एक विहीर. शेजार असा मिळाल्यावर माणसाचं पुढचं आयुष्य त्याच्या हातात राहत नाही.

सगुणबाब वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले होते. गोवा मुक्त झाल्यावर या भागात वीज आली ती आपल्या खांद्यावरून, असं ते सांगत, आणि ते बरंचसं खरंही होतं. शेतातून खांब वाहणाऱ्यांत ते होतेच. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. मुलगी फोंड्याला दिलेली, ती चतुर्थीला यायची. बाकी वर्षभर घरात ते आणि त्यांचे बल्ब. घरात ते कोंकणी बोलायचे. मराठी देवासाठी आणि सरकारसाठी राखून ठेवलेली होती.

त्यांच्या मते जगातल्या सगळ्या उजेडाची स्वयंपाकघरात वाटणी करता येते. समई आणि चुलीतला जाळ ही काकवी. चाळीसचा बल्ब म्हणजे गूळ. शंभरचा म्हणजे तूप. ट्यूबलाइट म्हणजे ताक. आणि ताकाच्याही पलीकडे एक गोष्ट होती, ती म्हणजे नीळ घातलेलं ताक. तिचं नाव ते तोंड वाकडं केल्याशिवाय घेत नसत.

"ताक वायट न्हय," ते मला समजावायचे. "सकाळचें ताक बरें. दोळ्यांक कळटा, दीस उजवाडलो. सांजेर गूळ जाय. दोळ्यांक कळटा, दीस सोंपलो. रातच्या णवांक तुमी ताक दाखयलें जाल्यार दोळे म्हणटात, अरे सकाळ जाली, आनी सगल्या आंगाक धोलून उठयतात. मागीर तुमी म्हणटात न्हीद येना."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं, सगुणबाब?"

"म्हाका विचारूं नाकात. दोळ्यांक विचारात."

हे त्यांचं पालुपद. कुठलाही वाद या वाक्याशी येऊन संपायचा, कारण डोळ्यांना विचारायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते कुणालाच कळायचं नाही. हल्ली माझी नातवंडं मला मोबाइलवरचं वाचून दाखवतात की निळसर उजेडानं झोप उडते, पिवळट उजेडानं येते, आणि मोठमोठ्या इमारतींत आता त्याप्रमाणे दिवे बसवतात. मी ऐकून घेतो. हे सगळं मला चड्डी-बनियनमधल्या माणसानं ताक-गुळात सांगून ठेवलंय, हे त्यांना कसं पटणार?

त्यांना स्वतःला हे शास्त्र नदीत मिळालं होतं. लहानपणी ते वडिलांबरोबर होडीतून मासे धरायला जायचे. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, पेट्रोमॅक्स टांगलेला. तो पांढरा उजेड पाण्यावर पडला की खाली झोपलेली मासळी दिवस उजाडल्यासारखी वर यायची आणि जाळ्यात सापडायची. "नुस्त्याक फटोवंक तो उजवाड," ते म्हणायचे. "सेक्रेटरीबाब, तुमी नुस्तें?" मी मासळी आहे का, या प्रश्नाला पदवीधर माणसानं काय उत्तर द्यावं?

गावात त्यांचा या बाबतीतला संचार अगदी मोकळा होता. कुणाच्याही घरात शिरायचं, वर बघायचं, निदान करायचं. चतुर्थीत तर त्यांना धरबंदच नसे. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, रानातली फळं, सुपारीचे घोस, काकड्या, कवंडाळं, सगळी चौकटीला टांगलेली. एका घरी आरती ऐन रंगात असताना सगुणबाबांनी जाऊन ट्यूब बंद केली. सगळीकडे काळोख. घुमट वाजवणाऱ्याचा हात चुकला, आरती भलत्याच कडव्यावर गेली. तेवढ्यात यांनी आपला बल्ब लावला आणि म्हणाले, "आतां पळयात. इतलो वेळ तुमी देवाक गोबर दाखयताले." गोबर म्हणजे राख. आणि खरं सांगतो, मघाशी राखेसारखी दिसणारी कवंडाळं आता लालभडक दिसत होती. घरधन्यानं रागावायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं.

शिवाय त्यांच्याकडे एक सोयरिकीचा बल्ब होता. साठ वॉटचा, वापरून वापरून काचेवर जराशी धुरकट झाक आलेला. गावातली कुठलीही मुलगी दाखवायची असली की तो जायचा. एकदा फोंड्याची मंडळी येणार म्हणून मुलीच्या बापानं मोठेपणा दाखवायला दिवाणखान्यात नवीन ट्यूब लावली. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी सगुणबाब तिथं पोचले, ट्यूबचा स्टार्टर काढून खिशात घातला आणि आपला बल्ब लावून बाहेर पायरीवर बसले. लग्न ठरलं. जाताना मुलाच्या काकानं मुलीच्या बापाला बाजूला घेतलं. त्याला हुंड्याबद्दल बोलायचं असेल म्हणून बाप घाबरला. काकाला तो बल्ब कुठं मिळतो ते हवं होतं. त्याच्या घरी अजून दोन पुतण्या होत्या.

मी मात्र बधलो नव्हतो. मला रात्री वाचायची सवय, आणि नव्या नोकरीतली ट्यूब म्हणजे माझी एकुलती एक श्रीमंती. रोज रात्री साडेअकरा-बारापर्यंत ती लखलखत असायची. सगुणबाब दर दोनचार दिवसांनी येऊन वर बघायचे, "ताक" एवढंच म्हणायचे आणि जायचे. मीही आता सराईतपणे "हो, ताजं आहे" म्हणायला शिकलो होतो.

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी आमच्या गावाला मर्क्युरीचा दिवा मंजूर झाला. उंच खांब, त्यावर मोठा डोकेबाज दिवा, जागा तरीच्या धक्क्याजवळचा तिठा. आजूबाजूच्या दोन गावांत असे दिवे आधीच लागले होते आणि आमच्या पंचांना रात्रीची झोप नव्हती, दिव्यामुळे नव्हे, दिवा नसल्यामुळे. उद्घाटन थाटात झालं. भाषेचा वाद तेव्हा ताजा होता, म्हणून सरपंचांनी एकच भाषण आधी मराठीत केलं आणि मग कोंकणीत केलं. विनोदही तोच होता. लोक न्यायानं दोन्ही वेळा हसले.

मग बटण दाबलं. दिवा आधी नुसता गुरगुरला, जांभळट झाला आणि चारपाच मिनिटांनी निळसर पांढरा होऊन स्थिरावला. आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. सरपंचांचे ओठ काळे दिसत होते. त्यांच्या गळ्यातला झेंडूचा हार मातकट झाला होता. तरीपण दिवा नवा होता आणि आपला होता, म्हणून टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मागून एक खटका ऐकू आला. सगुणबाबांनी छत्री उघडली होती.

आकाशात ढगाचा तुकडा नव्हता. "सगुण, पावस खंय आसा?" कुणीतरी विचारलं. "नीळ पडटा," ते शांतपणे म्हणाले आणि छत्रीखालून घरी गेले. त्या दिवसापासून तिन्हीसांजेनंतर तिठा ओलांडताना ते छत्री उघडायचे आणि पलीकडे गेले की मिटायचे. सुरुवातीला लोक हसले, मग सवय झाली.

पंधरा दिवसांनी गावातला पाव बिघडला.

आमच्या गावाचा पदेर म्हणजे इनासबाब. तिठ्यालाच लागून त्याचं घर आणि घराला लागून त्याची भट्टी, जिला तो फोर्न म्हणायचा. पोळी, उंडो, काकणं, सगळे पावाचे प्रकार त्याच्या हातचे. हिंदूंच्या घरी चहाबरोबर, ख्रिस्तावांच्या घरी सगळ्याबरोबर. पहाटे त्याच्या सायकलचा भोंगा वाजला की गाव उठायचं. तर तो इनासबाब आता भलतंच करायला लागला. उंडे खालून काळे आणि आतून कच्चे. एके दिवशी मिठाचा पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी इतकं मीठ की गुरांनीही तोंड फिरवलं. सायकल घेऊन तो चुकीच्या दारात पाव ठेवायचा आणि बरोबर दारात भोंगा वाजवून तसाच पुढं जायचा. एकदा भोंगा नुसताच वाजवत गेला, टोपली घरीच.

गावानं आपापली निदानं केली. कुणी म्हणालं पीठ आंबवायची माडाची सूर खराब, कुणी म्हणालं पीठ खराब. बायकोशी बिनसलंय असंही काहींचं मत पडलं. बायकोला विचारलं तर ती रडायला लागली, म्हणजे बिनसलंय हे पक्कं झालं. सगुणबाब एवढंच म्हणाले, "तो न्हिदता केन्ना?"

हा प्रश्न कुणाला सुचलाच नव्हता. पदेर आपल्यासारखा झोपत नाही. त्याला रात्री एकला उठून भट्टी पेटवायची असते, म्हणून तो संध्याकाळी सातला आडवा होतो. आमचा दिवा पेटायचा बरोबर सातला.

"खिडकी बंद कर म्हणावं," मी म्हटलं. सगुणबाबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि हाताला धरून मला इनासबाबाच्या खोलीत नेलं. घर जुनं, खिडक्या शिंपल्यांच्या. काचेऐवजी पातळ शिंपले घासून चौकटीत बसवलेले. बंद खिडकीतूनही उजेड आत यावा एवढ्यासाठीच जुन्या लोकांनी ती युक्ती केलेली. सगुणबाब खाटेवर उताणे झोपले, खिशातून कालचं वर्तमानपत्र काढलं आणि खिडकी घट्ट बंद असताना त्यातली एक मयताची बातमी खणखणीत आवाजात वाचून दाखवली. सगळी खोली शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी पांढरी झाली होती. कोपऱ्यात इनासबाब गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. जाडजूड, हसऱ्या माणसाचे गाल ओघळून गेले होते.

"हांवें पडदो लायलो," तो म्हणाला. "पडदो लायलो जाल्यार गर्मी. फोर्नाची वणत हे वटेन. उस्मरतां." त्यानं भट्टीकडची तापलेली भिंत दाखवली आणि म्हणाला, "हांव वचतां, साय्बा. म्हापशां भावाचो फोर्न आसा. म्हयनो सोंपतकच वचतां. गांवाक दिवो जाय, म्हाका न्हीद जाय. दोनूय एकाच तिठ्यार जमना."

गावाला दिवा हवा आणि त्याला झोप हवी, हे दोन्ही खरं होतं. इनासबाब गेला तर गावाची पहाट गेली. चार पिढ्यांची भट्टी होती ती. पण मी सेक्रेटरी. दिवा मंजूर, बसवलेला, उद्घाटन झालेलं. पेटलेला दिवा का काढावा याचा रकाना कुठल्याच फॉर्मात नसतो.

दुसऱ्या दिवशी सगुणबाबांचा पहिला अर्ज आला. त्यांची सरकारी मराठी मी इथं जशीच्या तशी देतो.

"विषय : तिठ्यावरील ताकाचे जागी गूळ मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की, सदर दिव्यामुळे श्री. इनास पदेर यांस सायंकाळी सात वाजल्यापासून निद्रा उपलब्ध होत नाही. निद्रा नसल्याने पाव नाही व पाव नसल्याने ग्रामस्थांस सकाळ नाही. तरी सदर मर्क्युरी त्वरित उतरवून तेथे सोडियमचा पिवळा दिवा देण्यात यावा व तोपर्यंत निम्नस्वाक्षरीकारास छत्री वापरावी लागत असल्याची नोंद घ्यावी."

मी नोंद घेतली. असे अकरा अर्ज आले. सगळे मी पंचांपुढं ठेवले आणि सगळ्यांना एकच उत्तर मिळालं. शेजारच्या गावात पांढरा दिवा आहे, आपल्याकडे पिवळा लावला तर लोक म्हणतील जुना बल्ब लावला. सरपंच मला खाजगीत म्हणाले, "पाव म्हापशाहूनही आणता येईल. दिवा परत मिळायचा नाही." महिना संपायला आठ दिवस राहिले होते. इनासबाबाच्या बायकोनं भांडी बांधायला काढली होती.

तेव्हा सगुणबाबांनी सगळ्या पंचांना जेवायला बोलावलं.

फुकटचं इसवण, म्हणजे सुरमई, कोण सोडतो? संध्याकाळी साडेसातला सगळे हजर. जेवण घरी नव्हतं. तिठ्यावर, दिव्याच्या बरोबर खाली, इनासबाबाच्या बलकांवाच्या, म्हणजे ओसरीच्या, पायऱ्यांशी बाकं मांडलेली. सगुणबाबांनी त्या दिवशी बनियनवर सदरा घातला होता. हुमण, म्हणजे माशाची आमटी, त्यांनी स्वतः केलं होतं, वास अर्ध्या धक्क्यापर्यंत पोचला होता. उकड्या तांदळाचा भात वाढला, त्यावर हुमण ओतलं आणि ते हात जोडून बाजूला उभे राहिले.

कुणी हात घालेना. ताटात नदीकाठच्या चिखलाच्या रंगाचं काहीतरी होतं आणि त्यात माशाची काळसर तुकडी. भात निळसर. एका पंचानं बोटानं ढवळून बघितलं. सरपंचांनी वास घेतला, ताटाकडे बघितलं, परत वास घेतला.

"सगुण," ते हळूच म्हणाले, "हें हुमण कालचें काय?"

"आयचें. सकाळचें नुस्तें. इनासाची बायल साक्षीक आसा."

"मागीर रंग असो कित्याक?"

"म्हाका विचारूं नाकात," सगुणबाब म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी सांगितलं नाही. ते खांबाकडे गेले, चावी कुठं असते ते त्यांना आयुष्यभर माहीत होतं, आणि त्यांनी मर्क्युरी घालवली. पंचायतीच्या मालमत्तेला परवानगीशिवाय हात लावणं हा गुन्हा आहे. मी त्या वेळी नदीकडे बघत होतो. मग इनासबाबाच्या बलकांवातून ओढून आणलेल्या वायरीवर चाळीसचा बल्ब लागला आणि ताटातलं हुमण लालबुंद झालं. मिरचीची लाली, वर तरंगणारं तेल, सगळं जिथल्या तिथं. जेवण सुरू झालं. भाताचा दुसरा वाढा घेतल्यावर सरपंचांनी बोटं चाटता चाटता विचारलं, "सेक्रेटरी, तो पिवळा दिवा मागायचा असेल तर ठराव लागतो ना?" ठराव तिथंच झाला, एकमतानं. माझा हात खरकटा असल्यामुळे तो मी दुसऱ्या दिवशी लिहिला.

सोडियमचा दिवा आला, तोवर जुन्या दिव्याला सगुणबाबांनी इनासबाबाच्या बाजूनं तेलाच्या डब्याचं झापड ठोकून दिलं होतं. नव्या दिव्याखाली सगळा तिठा गुळाच्या ढेपेसारखा दिसायला लागला. त्याखाली हुमणाचा रंग कसा दिसतो ते मात्र कुणी तपासलं नाही. मी तपासलं, तो काही धड दिसत नाही, पण ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. इनासबाबाची भांडी परत फळीवर चढली. आठवड्याभरात पहाटेचा भोंगा सुरळीत झाला आणि सगुणबाबांच्या पायरीवर रोज दोन उंडे जास्तीचे पडायला लागले. त्यांनी छत्री खुंटीला लावली.

या सगळ्यानं मी पुरता शरण गेलो. म्हातारा खरा होता आणि मी दोन वर्षं त्याला चिडवत होतो. एका संध्याकाळी मी आपण होऊन स्टुलावर चढलो, ट्यूब पट्टीसकट काढली आणि तिथल्या वायरींना होल्डर जोडून चाळीसचा बल्ब लावला. त्या उजेडात वाचता येईना, म्हणून दहालाच पडलो आणि मेल्यासारखा झोपलो. दुसऱ्या रात्री तसाच, तिसऱ्या रात्रीही. मला वाटलं, आता सगुणबाब येतील, वर बघतील आणि खूष होतील.

ते आलेच नाहीत. चारपाच दिवसांनी मला ते विहिरीवर दिसले. डोळे लाल, दाढी वाढलेली. कळशी भरून वर ओढली आणि परत विहिरीत रिकामी केली. कुणाच्या तरी घरी त्यांनी पंख्याची वायर घंटेला जोडली, पाहुणा आला की पंखा फिरायचा. गावात लोक म्हणायला लागले, सगुणबाब आता थकले. मी औषधाचं विचारलं तर "कांय ना, कांय ना" म्हणून त्यांनी विषय टाळला. फोंड्याला मुलीला कळवावं का, असा विचार मी करायला लागलो होतो.

आठव्या दिवशी संध्याकाळी ते दारात आले. त्यांनी वर बघितलं. माझा गूळ छान जळत होता. पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर बसले.

"बरें केलें," शेवटी ते म्हणाले. "बरो उजवाड. तुमकां न्हीद येता?"

"गाढ येते, सगुणबाब. तुमच्यामुळे."

"हय. येवपाकूच जाय." मग पुष्कळ वेळ ते पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले. "म्हाका येना," ते म्हणाले.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"तुमी येवचे आदीं ही कूड पांच वर्सां बंद आसली," ते जमिनीकडे बघत माझ्या खोलीबद्दल सांगायला लागले. "म्हजी चली लग्न जावन गेली, मागीर हें समोरचें घरूय बंद जालें. सांजे मागीर सगळो काळोख. हांव आपल्या खाटीर पडून आयकतालों. कितें आयकतालों तें म्हाकाच खबर ना. मागीर तुमी आयले. तुमचें ताक म्हज्या वणटीर पडटालें. हांव गाळी सोवतालों. सेक्रेटरी शिकिल्लो आसून अक्कल ना म्हणटालों. आनी गाळी सोवतां सोवतां न्हिदतालों."

विहिरीच्या बाजूनं कुणीतरी गुरं घेऊन जात होतं, त्यांच्या घंटा ऐकू आल्या.

"दोळे धांपले तरी कळटा, सेक्रेटरीबाब. कोण तरी जागो आसा तें कळटा." आणि मग अगदी हळू म्हणाले, "म्हजें शास्त्र फट न्हय. इनासाक पळयात. शास्त्र बरोबर आसा. पूण म्हाका लागना."

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत. ज्या माणसानं सगळ्या गावाच्या झोपेची काळजी वाहिली, त्याची झोप माझ्या खिडकीत टांगलेली होती, आणि ती मी स्वतःच्या हातानं उतरवून ठेवली होती. मी ट्यूब आणायला उठलो. त्यांनी मला हातानं थांबवलं. पट्टीपासून स्टार्टरपर्यंत सगळं त्यांनी आणून दाराबाहेर टेकवून ठेवलेलं होतं. स्वतः स्टुलावर चढले. ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लागली. खोली पांढरी झाली. सगुणबाब खाली उतरले, दोन पावलं मागं सरून त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"वायट," ते म्हणाले. "कितलो वायट उजवाड." आणि घरी गेले. जेमतेम दहा मिनिटांत त्यांच्या खिडकीतला बल्ब विझला.

त्यानंतर दीड वर्ष मी त्या गावात होतो. ट्यूब रोज बारापर्यंत जळायची. वाचायचं असलं तर मी वाचायचो, नाहीतर दहाला डोळ्यांवर पंचा बांधून पडायचो. त्या पंच्याखाली झोप कधी धड लागली नाही, पण तक्रार करावीशीही कधी वाटली नाही. सगुणबाब पुन्हा दर दोनचार दिवसांनी यायचे, वर बघायचे, "ताक" म्हणून नाक मुरडायचे आणि ताजेतवाने होऊन गावात कुणाच्या तरी घरी बल्ब लावायला जायचे.

मग माझी बदली झाली. नवा सेक्रेटरी आला, मये गावचा, फार टापटिपीचा मुलगा. त्याला चार्ज दिला, फायली दिल्या, शिक्के दिले, खोलीची किल्ली दिली. किल्ली देताना सांगितलं, की खोलीतली ट्यूब रात्री बारापर्यंत चालू ठेवायची, झोप आली तरी बंद करायची नाही.

त्यानं वही काढली. "हे पंचायतीचं ठरलंय का?"

"होय," मी म्हटलं. "ठराव आहे."

त्यानं ते लिहून घेतलं.